वीतभर उंचीचे सिंहासन

पूर्वी अश्मक देशात, गोदावरीच्या काठच्या पोतन नगरात भद्रसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने नगरापासून दूर, डोंगराच्या कुशीतल्या सुतारांच्या गावी जन्म घेतला होता. तेथे त्याचे नाव नंदिल होते. चालायला शिकला आणि लगेच लाकूड तासायचा वाकस धरायला शिकला, असे त्याची माणसे सांगत. पण ही गोष्ट सुरू होते राजापासून, कारण पडला तो राजा.

भद्रसेन वयाने तरुण होता. वडिलांच्या मागे गादीवर येऊन त्याला फार काळ झाला नव्हता. सुगीनंतरच्या पहिल्या सभेला सगळे मांडलिक आले होते. वडिलांचे सिंहासन उंच, काळेभोर आणि आरशासारखे चकचकीत. राजा पायऱ्या चढून वर गेला, चारी दिशांना पाहून हसला, बसला. आणि सिंहासनाचा मागचा पाय कटकन मोडला. राजा पायऱ्यांवरून गडगडत खाली आला. मुकुट घरंगळत गेला तो कुंभीर नावाच्या मांडलिकाच्या पायाशी जाऊन थांबला. कुंभीराने तो उचलला. लगेच परत दिला असता तर काही नव्हते. पण त्याने तो क्षणभर हातात तोलून पाहिला, आणि मगच दिला.

सभेत कोणी हसले नाही. ते हसू सगळ्यांनी आपापल्या घरी नेले. पुढे बाजारात पोरांचा एक नवा खेळ निघाला. एकाने उलट्या टोपलीवर ऐटीत बसायचे, दुसऱ्याने मागून टोपली ओढायची आणि बाकीच्यांनी ओरडायचे, "महाराज, जरा सांभाळून!" राजाने तो खेळ महालाच्या गच्चीतून पाहिला. तेव्हापासून त्याला अन्न गोड लागेना. चैत्र पौर्णिमेला मांडलिक पुन्हा येणार होते. ज्याच्या हाताने मुकुट एकदा तोलला आहे, तो हात दुसऱ्यांदा काय करील, हे राजाला कोणी सांगायला नको होते.

अमात्य शोणक म्हणाला, "महाराज, नवे सिंहासन करवून घ्यावे. जुन्याहून उंच. लोकांच्या माना वर झाल्या की तोंडे आपोआप बंद होतात."

"आणि तेही मोडले तर?" राजाने विचारले.

शोणकाने सुतारांच्या गावी माणूस धाडला आणि त्यांच्या मुखियाला, नंदिलला, बोलावून घेतले.

नंदिल आला. त्याने मोडलेला पाय उचलला, नखाने टोकरला, मग कमरेची पटाशी काढून वरचा काळा थर हलकेच खरवडला. खालून पांढरे लाकूड निघाले आणि त्यातून पिठासारखा भुसा भुरभुर गळला.

"हे शिसव नाही!" राजा ओरडला. "माझ्या वडिलांना फसवले!"

"शिसवच आहे, महाराज," नंदिल म्हणाला. "फक्त कोवळे आहे. शिसवाचा काळा गाभा आत असतो आणि तो धरायला झाडाला माणसाचे कितीतरी जन्म लागतात. थोरल्या महाराजांना महाल लवकर हवा होता. मोठी झाडे संपली, तेव्हा तोडणाऱ्यांनी लहान झाडे पाडली. लहान झाडाला गाभा कुठून येणार? मग पांढऱ्या लाकडाला काजळ आणि जवसाचे तेल चोळले. फसवले कोणी कोणाला, हे सांगणे अवघड आहे. घाई सगळ्यांनाच होती."

राजाने आपल्या महालाच्या काळ्या खांबांकडे पाहिले. एकेक खांब त्याला आता टोपलीसारखा वाटू लागला.

"खरे शिसव कसे असते?"

नंदिलने आपला वाकस राजाच्या हाती दिला. त्याचा दांडा काळा होता, पण काजळासारखा नव्हे. त्या काळेपणाला खोली होती. उजेडाकडे वळवला की त्यात जांभळट रेषा जाग्या होत, जणू डोहाच्या तळाशी पाणी हलते आहे. राजाने तो मुठीत धरला. दांडा जड आणि थंड होता, आणि कितीतरी तळव्यांनी घासून त्वचेसारखा मऊ झाला होता.

"हा किती जुना?"

"आमच्या घरात कोणाला आठवत नाही. पाते झिजले की बदलतो. दांडा तोच. याला वाळवी तोंड लावत नाही."

"मला असे सिंहासन हवे," राजा म्हणाला. हे म्हणताना त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला. "असे झाड कुठे आहे?"

नंदिलने वाकस परत घेतला. मग म्हणाला, "एकच उरले आहे. आमच्या गावावरच्या चढाला. आम्ही त्याला थोरला म्हणतो. पण महाराज, आमच्यात रीत आहे. झाड ज्याच्यासाठी पाडायचे, त्याने स्वतः यायचे. झाडाला हात लावून, चार माणसांच्या देखत सांगायचे की मी तुझे काय करणार, आणि कशासाठी. जे सांगाल ते खरे असले पाहिजे. पाळणा सांगून पाळणा, जू सांगून जू."

शोणक हसला. "अरे, राजाने झाडापाशी जाऊन अर्ज करायचा? आणि खोटे सांगितले तर झाड काय करील?"

"झाड काही करीत नाही, अमात्य. पण वाकस माझ्या हातात असतो. मन फसले की हात घसरतो, आणि समोर माझाच पाय असतो."

एरवी राजाने ही गोष्ट हसण्यावारी नेली असती. पण आता त्याचा कोणावरच विश्वास उरला नव्हता. काजळ चोळलेले लाकूड पुन्हा गळ्यात पडू नये म्हणून त्याने ठरवले, आपणच जायचे, आपल्या डोळ्यांनी पाहायचे.

गावाकडे जाणारी वाट डोंगरातून चढत होती. वाटेच्या दोन्ही बाजूंना तोडलेल्या झाडांचे बुंधे होते. सुरुवातीला राजाने ते मोजायचा खेळ मांडला. मग बुंधे इतके दाटले की खेळ सुटला. काही बुंधे गाडीच्या चाकाएवढे रुंद होते. बरेचसे मनगटाएवढे होते. मनगटाएवढ्यांकडे पाहताना राजाला सिंहासनाचा तो पांढरा पाय आठवला. हत्तीवर त्याच्या मागे बसलेला शोणकही आता बुंध्यांकडेच पाहत होता.

गाव लहान होते. घरे कुडाची, छपरे गवताची. पण प्रत्येक घरात काही ना काही काळे चमकत होते. कुठे उखळ, कुठे बैलांचे जू, कुठे पाळण्याचे दांडे, कुठे गाडीच्या चाकाचा तुंबा. एका अंगणात एक म्हातारी धान कांडत होती. राजा उतरून पाहू लागला तरी तिचे मुसळ थांबले नाही.

"आजी, हे मुसळ कधीचे?" राजाने विचारले.

"माझ्या सासूच्या सासूचं," म्हातारी म्हणाली. "कांडणारी संपते, मुसळ संपत नाही. बाजूला सर बाबा, कोंडा उडतोय, चांगली वस्त्रं आहेत तुझी."

नंदिलच्या दारात एक मोठा ठोकळा होता. त्याच्यावर ठेवून लाकूड तासायचे. गुडघ्याएवढा उंच आणि एक माणूस मांडी घालून बसेल एवढा रुंद. पिढ्यान्‌पिढ्यांच्या घावांनी तो वरून झिजला होता आणि मध्यभागी त्याला खोलगट खळगा पडला होता. धूळ, तेल आणि घाम यांनी तो इतका मळला होता की त्याचा रंग कोणता हे सांगता येत नव्हते. थोरल्याचे एक जुळे झाड फार पूर्वी वादळात पडले होते. हा ठोकळा त्याचा. ज्याच्या दारात तो ठोकळा, तो सुतारांचा मुखिया, अशी गावाची समजूत होती. राजाने ठोकळ्याकडे पाहिलेही नाही.

मग सगळे चढ चढून वर गेले.

राजाने आयुष्यात मोठमोठ्या वस्तू पाहिल्या होत्या. पण त्या सगळ्या कोणीतरी केलेल्या होत्या. हे झाड कोणी केलेले नव्हते. त्याचा करडा बुंधा जमिनीतून असा वर निघाला होता की जणू डोंगर त्याच्या भोवती नंतर रचला असावा. वर पाहता पाहता राजाचा मुकुट मागे सरकला आणि शोणकाने तो हळूच सावरला. लहान, गोलसर पानांतून ऊन झिरपत होते. वाऱ्याने वाळलेल्या चपट्या शेंगा सुटून भिरभिरत होत्या आणि त्या बोडक्या डोंगरावर, बुंध्यांच्या रानावर, दूरवर जाऊन पडत होत्या. एका झाडाने सगळ्या डोंगराचे पेरणीचे काम अंगावर घेतले होते. राजाला आपला श्वास मोठा वाटू लागला. देवळात बोलताना होतो तसा त्याचा आवाज उतरला.

"पण हे तर करडे आहे. काळे कुठे आहे?"

"आत," नंदिल म्हणाला. "झाड आपला गाभा कोणाला दाखवत नाही, महाराज. तो दिसतो तेव्हा झाड राहिलेले नसते."

"मग तो आहे कशासाठी?"

"त्याच्या जोरावर हे उभे आहे. पण जिवंत आहे ते सालीलगतच्या पांढऱ्या लाकडाने. ज्या पांढऱ्याने आपल्याला पाडले ना, तेच. पाणी तेच चढवते, पाने तेच जगवते. वर्षे उलटली की त्यातलेच आतले आतले काम थांबवते, काळे होते आणि बाहेरच्याला आधार देत राहते. सगळे शिसव पहिल्यांदा पांढरेच असते."

राजाने तळवा सालीवर ठेवला. साल खरखरीत आणि उन्हाने कोमट होती. हाताखाली मुंग्यांची रांग चालली होती. ती किंचित वळली आणि राजाच्या बोटांना वळसा घालून पुढे गेली. आत कुठेतरी, कोणीही कधी न पाहिलेला तो अंधार उभा आहे, आपल्या आजोबांच्या आजोबांच्याही आधीपासून शांत उभा आहे, हे मनात येताच राजाच्या अंगावर काटा आला.

गावकरी भोवती जमले होते. रीतीप्रमाणे सगळे गप्प होते.

"मी तुझे सिंहासन करणार आहे," राजा म्हणाला.

"कशासाठी, तेही सांगायचे," नंदिल हळूच म्हणाला.

राजाने तोंड उघडले. राज्याच्या वैभवासाठी, असे तो म्हणणार होता. शोणकाने तसेच घोकवून घेतले होते. पण तळव्याखाली ती कोमट साल होती, आणि शब्द ओठांशी येऊन अडला.

"कारण मी पडलो," तो अखेरीस म्हणाला. "सगळ्यांसमोर पडलो. लोक हसतात. मला कोणी हसू नये म्हणून."

शोणकाने डोळे मिटून घेतले. आता गाव हसणार, असे राजाला वाटले. कोणी हसले नाही. मुसळवाली म्हातारी पुढे आली, तिने राजाला खालपासून वरपर्यंत निरखले आणि विचारले, "लागलं का रे कुठं, राजा?"

भद्रसेन तिच्याकडे पाहत राहिला. सिंहासन मोडल्या दिवसापासून वैद्य, पुरोहित, अमात्य, सगळे येऊन गेले होते. मुकुटाचा खडा निखळला का, हे पाहिले होते. अपशकुन झाला का, हे पाहिले होते. हे मात्र कोणीच विचारले नव्हते.

"कोपराला," तो म्हणाला. "अजून दुखते."

"एरंडाचं पान गरम करून बांध," म्हातारी म्हणाली आणि आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली.

राजाचे मन तेव्हाच झाडावरून उठले होते. पण भीती मनापेक्षा हट्टी असते. शोणक कानाशी लागला, "महाराज, पौर्णिमा तोंडावर आली आहे. कुंभीर येणार आहे." राजाच्या डोळ्यांपुढे तो मुकुट तोलणारा हात आला. तो झाडाकडे न पाहता नंदिलला म्हणाला, "रीत पुरी झाली. मला दुसरी वाट नाही. पाड."

गावकऱ्यांच्या तोंडून हुंदक्यासारखा आवाज निघाला. नंदिलने हात जोडले. वाकस खांद्यावर टाकला. आणि झाडाकडे पाठ करून तो चढ उतरू लागला.

"अरे, कुठे निघालास?" शोणक ओरडला. "राजाज्ञा आहे!"

"तीच पाळायला निघालो, अमात्य. महाराजांनी दोन गोष्टी मागितल्या. कोणी हसू नये असे लाकूड कुठल्याच रानात होत नाही; ते मला देता येणार नाही. पण न मोडणारे आसन देता येईल. त्यासाठी याला पाडायची गरज नाही."

तो आपल्या दाराशी आला, ठोकळा आडवा पाडला आणि त्यावर पहिला घाव घातला.

त्याची बायको केतकी घरातून धावत आली. "अहो, काय करताय हे! उद्यापासून लाकूड कशावर तासणार? माझ्या डोक्यावर?"

"तुझं डोकं याच्याहून कठीण आहे," नंदिल म्हणाला. "पण ते एका जागी राहत नाही."

लोक हसले, केतकीही हसली. पण हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. तिच्या सासऱ्याने, त्याच्या बापाने, त्याच्याही बापाने त्या ठोकळ्याशी बसून भाकरी मिळवली होती. एक म्हातारा सुतार पुढे होऊन म्हणाला, "नंदिल, ठोकळा गेला की तुझं मुखियापण गेलं. कळतंय ना?"

"कळतंय, काका. जरा ती करवत द्या."

राजा पाहत उभा राहिला. वाकसाखाली मळ उडाला, तेलकट कवच सोलून निघाले आणि आतले लाकूड उघडे पडले. आधी ते जांभळे दिसले, पिकल्या जांभळाच्या गरासारखे. मग राजाच्या डोळ्यांदेखत, उजेड लागता लागता, ते गडद होत गेले. त्यातून मंद, गोडसर वास आला. इतकी वर्षे घाव सोसूनही त्याने तो वास आत जपून ठेवला होता. काळ्या रेषा नदीच्या प्रवाहासारख्या वळत गेल्या होत्या. एकेक रेषा म्हणजे एकेक पावसाळा, कोणी न पाहिलेला. राजा नकळत खाली बसला, सुतारांच्या पोरांमध्ये, भुशात. लाकडाची एक पातळ कपची त्याच्या मांडीवर येऊन पडली. त्याने ती उन्हात धरली आणि तिच्या आरपार पाहिले. इतका अंधार इतका सुंदर असू शकतो, हे त्याला कोणत्याही गुरूने शिकवले नव्हते.

नंदिलने फुटलेल्या कडा काढल्या, तडा गेलेला तळ कापून टाकला. एकही सांधा न ठेवता त्याने एकसंध चौरंग कोरला. मधला खळगा, पिढ्यान्‌पिढ्यांच्या कामाने पडलेला, तेवढा मात्र तसाच ठेवला. काम संपले तेव्हा चौरंग जमिनीपासून वीतभर उंच होता.

"हे काय?" शोणक म्हणाला. "हे तर बसके आहे!"

"ठोकळ्यात इतकेच होते," नंदिल म्हणाला.

राजा चौरंगावर बसला. खळग्यात तो असा सामावला की जणू ती जागा त्याच्यासाठीच पडली असावी. त्याने डावीकडे झुकून पाहिले, उजवीकडे झुकून पाहिले. चौरंग तसूभर हलला नाही. मग त्याने खाली पाहिले. जमीन हाताला लागत होती. येथून पडायचे म्हटले तरी कुठे पडणार, असा विचार त्याच्या मनात आला, आणि त्या पडल्या दिवसानंतर पहिल्यांदाच तो मोकळेपणाने हसला.

"नंदिल," तो म्हणाला, "तू माझा मुख्य स्थपती हो. नगरात ये. घर देतो, मान देतो."

"मी नगरात आलो तर थोरल्याशी बोलायचे कोणी? द्यायचेच तर हे द्यावे, महाराज. गाभा धरल्याशिवाय शिसवाला कोणी वाकस लावू नये. आणि डोंगरावरच्या बुंध्यांना काट्याचे कुंपण घालावे. वरून ते मेलेले दिसतात, पण त्यांची मुळे जागी आहेत. गुरांनी तोंड लावले नाही तर मुळांतून कोंब येतात."

राजाने तेथेच तशी आज्ञा दिली.

चैत्र पौर्णिमेला मांडलिक आले. सभागृहात राजा वीतभर उंचीच्या चौरंगावर बसला होता. राजाहून उंच कोणी बसू नये, असा त्या सभेचा जुना दंडक होता. मांडलिकांनी आपापल्या उंच आसनांकडे पाहिले, मग राजाकडे पाहिले, आणि एकेक जण धोतर सावरत फरशीवर बसला. कुंभीर सर्वांत शेवटी बसला. त्याचे गुडघे कुरकुरले.

"महाराज," तो ओठांत हसू दाबून म्हणाला, "सिंहासन कुठे गेले?"

"डोंगरावर आहे," भद्रसेन शांतपणे म्हणाला. "अजून वाढते आहे."

कुंभीराची नजर चौरंगावर गेली, त्या जांभळट काळ्या रेषांवर, आणि तेथेच अडकली. हळूहळू सगळ्यांच्याच नजरा तेथे आल्या. त्या सभेत बराच वेळ कोणी बोलले नाही, आणि ते मौन घरी नेण्यासारखे होते.

नंदिलने पुढे चिंचेच्या ठोकळ्यावर काम केले. तो वरचेवर तडके आणि केतकी वरचेवर कुरकुरे. पण डोंगर हिरवा झाला. बुंध्यांच्या मुळांतून कोंब आले, थोरल्याच्या शेंगा रुजल्या; आणि मुखिया कोण, असे गावात विचारले की आता लोक दाराकडे बोट न दाखवता चढाकडे दाखवीत. तेथे थोरल्याच्या सावलीत नंदिल लाकूड तासत बसलेला असे.

भोजनशाळेत आपल्याला खालचे आसन दिले म्हणून भिक्षू पुष्यक ताटावरून उठून गेला होता, तेव्हा त्याला जवळ बोलावून भिक्षूंचे गुरू असलेल्या शास्त्यांनी ही कथा सांगितली. कथा संपल्यावर ते म्हणाले, "पुष्यका, तेव्हाचा राजा भद्रसेन तूच होतास. तुला आज उंच आसनाची आशा लावणारा धनिक उपासक तेव्हा शोणक होता. तू आजारी असताना न सांगता पेज आणून देणारी वृद्ध उपासिका तेव्हा धान कांडत होती; ती या जन्मीही आधी तेच विचारते, लागले का कुठे. आणि सुतार नंदिल मीच होतो."

पुष्यकाने मान खाली घातली. मग तो गेला आणि भोजनशाळेत सर्वांच्या शेवटी, जमिनीवर बसला.

ज्याच्या आधाराने आपण उभे असतो, तेच कोरून दुसऱ्याला बसायला देणे, यालाच दानपारमिता, दानाची परिपूर्णता, म्हणतात.